अस्वच्छ चिंध्या, समक्ष नष्ट

‘केंद्रात बालकांच्या हाताशी अस्वच्छ चिंध्या आढळल्या. त्या समक्ष नष्ट करण्यात आल्या. भिंतीस जागोजागी खिळे ठोकून नासधूस केलेली आहे. केंद्र चालविण्यास सदर महिला मंडळ अपात्र वाटते.’

ही वाक्यं माझी आहेत. अक्षर माझं, सही माझी, सहीखालचा शिक्काही मीच मारलेला. अठरा वर्षं ती एका फाइलमध्ये पडून होती. मी ती विसरलो होतो, असं मी लोकांना सांगत आलो. ते खरं नाही. मला ती चांगली आठवत होती. त्यात काही चूक आहे, असंच मला वाटत नव्हतं.

आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि आर्णीत राहतो. तेव्हा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ऑफिसात विस्तार अधिकारी होतो, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शेतात मजुरीला जाणाऱ्या बायांच्या मुलांसाठी त्या वेळी गावोगावी पाळणाघरं चालत. काही संस्थांची होती, काही गावातल्या महिला मंडळांची. वर्षातून एकदा मूल्यमापन व्हायचं आणि त्यावर पुढच्या वर्षाचं अनुदान ठरायचं. मूल्यमापन करणारा मी.

चार पानांचा छापील फॉर्म असे, शंभर गुणांचा. इमारत, नोंदवह्या, साहित्य, स्वच्छता, शिस्त. सर्वांत जास्त गुण नोंदवह्यांना. कामाची माझी एक ठरलेली रीत होती, आणि आमच्या ऑफिसात ती सगळ्यांचीच होती. गेल्या गेल्या खुर्ची मागायची. उजेड यावा म्हणून ती दाराकडे तोंड करून ठेवायची. मग हजेरीपट, वजनाची वही, आहाराची वही, एकेक मांडीवर घेऊन तपासायची. त्यात तासभर जायचा. मुलं खोलीत आत, म्हणजे माझ्या मागे असायची. नोकरीच्या शेवटच्या अकरा वर्षांत मी मुलांकडे पाठ करून मुलांच्या पाळणाघरांची तपासणी केली. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि असं करू नका असंही कोणी म्हटलं नाही.

त्या दिवशी दोन केंद्रं होती. सकाळी एका संस्थेचं, दुपारी एका महिला मंडळाचं.

संस्थेचं केंद्र मोठ्या रस्त्याला लागून, पक्क्या इमारतीत होतं. भिंतींवर मोर, ससा, बाराखडी. दारात रांगोळी. आत वीसेक मुलं दोन ओळींत बसलेली, तोंडावर बोट. मी आत गेलो तसं सगळ्यांनी एका सुरात ‘नमस्ते साहेब’ म्हटलं आणि पुन्हा बोट तोंडावर ठेवलं. दोन-अडीच वर्षांची मुलं होती ती. खेळणी काचेच्या कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं, आणि झुकझुक गाडीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. मी लिहिलं, ‘साहित्य सुस्थितीत.’ सुस्थितीत असणारच. त्याला कोणी हात लावला असता तर ना.

संस्थेचे अध्यक्ष माझ्या खुर्चीमागे उभे होते.

“साहेब, पोरं कशी वाटली?”

“शिस्त आहे तुमच्याकडे.”

“शिस्त म्हणजे काय साहेब, श्वास घेतलेला ऐकू येत नाही बघा.”

मी हसलो आणि शिस्तीचे पैकीच्या पैकी गुण दिले.

पुढच्या ओळीतल्या एका मुलाने बसल्या जागी लघवी केली होती. ती वाहत माझ्या खुर्चीपर्यंत आली. ते पोर रडलं नाही, उठलं नाही, सेविकेकडे पाहिलंसुद्धा नाही. बोट तोंडावर तसंच. मी बूट उचलला, थोडा बाजूला ठेवला, आणि वजनाची वही उघडली. हे मी पाहिलं होतं. पाहिलं का, असं आजवर कुणी विचारलंच नाही, म्हणून सांगावं लागलं नाही.

जेवण झालं, पुरी आणि बासुंदी. नंतर शाल आणि नारळ. मी कुणाकडून कधी एक रुपयाही घेतला नाही, हे मी नोकरीभर छाती काढून सांगत आलो. तेही खरंच आहे. मला पैसे द्यायची कुणाला गरजच पडत नव्हती. मान दिला की माझं काम व्हायचं. त्या केंद्राला मी ब्याण्णव गुण दिले.

दुपारी तीनच्या सुमारास आमची जीप दुसऱ्या गावात पोचली. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी भरात होती आणि गावात माणूस दिसत नव्हतं. दोन खोल्यांचं टिनाचं घर, भिंती मातीच्या. आवाज मात्र रस्त्यापर्यंत येत होता. मी दारात उभा राहिलो तसं एक लेकरू मला पाहून किंचाळलं आणि पळत जाऊन एका बाईच्या पदरात शिरलं. त्याचं पाहून आणखी तीन-चार जण धावले. सगळी तिच्या अंगाला चिकटली आणि तिथून माझ्याकडे बघायला लागली. मी त्यावर लिहिलं, ‘पाहुण्यांसमोर कसे वागावे याचे शिक्षण बालकांना दिलेले नाही.’

हे केंद्र चालवणारी बाई तेव्हा चाळिशीची असेल. सगळं गाव तिला ताई म्हणायचं, म्हणून इथे मीही ताईच लिहितो. त्या दिवशी मात्र मी तिला एकदाही तसं म्हटलं नाही.

खुर्ची नव्हती. तिने शेजारून एक स्टूल आणवलं. मी ते दाराकडे तोंड करून ठेवलं आणि हजेरीपट मागितला.

“सहा दिवसांची हजेरी कोरी आहे.”

“साहेब, वेचणी चालू हाय. बाया सांजेलोक येत नाहीत. लेकरं माह्यापाशी सात वाजेपर्यंत राह्यतात. लिवाले हात मोकळा पाह्यजे ना.”

“केंद्राची वेळ पाचपर्यंत आहे. नियम आहे तो.”

“मंग कापसाले सांगा ना नियम. तो पाच वाजता फुटाचा बंद होत नाही.”

तिच्या मदतनीस बाईला हसू आलं. तिने पदर तोंडावर धरला, पण मला दिसलं. मी उठून खोलीत फिरायला लागलो. आता मला काहीतरी सापडायला हवं होतं.

ते सापडलं. आतल्या खोलीच्या भिंतीला, माझ्या मांडीच्याही खाली, ओळीने बारा-तेरा खिळे ठोकलेले होते. प्रत्येक खिळ्यावर एकेक कापड लटकत होतं. लुगड्याचा तुकडा, पोलक्याची बाही, ओढणी, एके ठिकाणी कापूस वेचताना कमरेला बांधतात ती ओटी. सगळी मळलेली. वाकून पाहिलं तर घामाचा वास आला.

“हे काय आहे?”

“त्याईच्या मायचं हाय.”

“मायचं म्हणजे?”

“ज्याच्या त्याच्या मायच्या अंगावरचं. सकाळी माय सोडून जाते, लेकरू लय रडते. हे नाकाशी धरलं का गप होते. दुपारी झोपतानी ज्याचं त्यानं काढून घेते. मले सांगाव नाही लागत.” ती हे बोलताना हसत होती. कौतुकाने दाखवत होती मला. “दोन वर्षाचं पोट्टं, साहेब, पण दुसऱ्याच्या खिळ्याले हात नाही लावत.”

“धुतलेले का नाहीत?”

“धुतले तं मंग कायचा उपेग? वास जाते ना!”

मी तिला म्हणालो, “बाई, हे सरकारी केंद्र आहे. हा घाणेरडेपणा इथे चालणार नाही. हे सगळं आत्ता जाळून टाका.”

ती आधी हसलीच. मी थट्टा करतोय असं तिला वाटलं. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, “धुवून टाकतो साहेब. आज समदे धुतो.” मी नाही म्हटलं. मला आठवतं, मी का नाही म्हटलं ते. मदतनीस मघाशी हसली होती. दुसरं काही कारण नव्हतं.

मीच एकेक कापड काढलं, दोन बोटांत धरून. परसात तीन दगडांची चूल होती, तिच्यात टाकलं. माझ्याजवळ काडेपेटी नव्हती. आमचा जीपचा ड्रायव्हर बिडी ओढायचा, त्याच्याकडे हात केला. त्याने खिसा चाचपला, म्हणाला, “नाही साहेब.” त्याच्या शर्टाच्या खिशातली काडेपेटी मला बाहेरून दिसत होती. मी हात तसाच पुढे ठेवला. त्याने ती दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटचं एक कापड ताईने हातात घट्ट धरून ठेवलं होतं. हिरव्या पातळाचा पदर, वीतभर.

“हे एक राहू द्या.”

“का?”

“इची माय पोळ्याच्या आंधी गेली. साप चावला वावरात. आता दुसरं कुठून आनू?”

तिच्या कमरेला एक दोन वर्षांची मुलगी बिलगून उभी होती. मला सगळं ऐकू आलं आणि सगळं समजलं. मला काही कळलं नाही अशी सबब माझ्यापाशी नाही. मी म्हणालो, “नियम सगळ्यांना सारखा,” आणि तिच्या हातातून ते ओढून घेतलं.

जुनं सुती कापड लगेच पेटतं. ती मुलगी आधी नुसती पाहत होती. मग तिने चुलीकडे हात केला. ताईने तिला उचललं आणि आत नेलं. त्यानंतर जे रडणं सुरू झालं ते एका मुलीचं नव्हतं, सगळ्यांचं होतं, आणि मी शेरेबुकात शेरा लिहून होईपर्यंत ते थांबलं नाही. ‘समक्ष नष्ट’ हे शब्द मी त्या रडण्यात लिहिले. अक्षर चांगलं वळणदार आहे.

आम्ही परत निघालो. ड्रायव्हर आर्णीचाच, घरचा धंदा गॅरेजचा. मोठ्या रस्त्याला लागल्यावर म्हणाला, “साहेब, एक बात बोलू?”

“बोल.”

“सकाळच्या सेंटरमधी त्या पोरानं मुतलं, तरी ते रडलं नाही. इथचे तुमाले पाहूनच रडले. माह्या पोरीले म्या कुठं ठेवाचं म्हनलं ना, तं म्या रडनाऱ्या सेंटरमधी ठेवीन.”

“का?”

“रडाले कोनी आपलं लागते ना साहेब. जवळ घेनारं कोनी नसन तं लेकरू कायले रडन?”

एक ड्रायव्हर मला मूल्यमापन शिकवतोय, याचा मला राग आला. मी म्हणालो, “तू रस्त्याकडे बघ.” शंभर गुणांच्या त्या फॉर्ममध्ये जे कुठेच नव्हतं ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं होतं, आणि मी त्याला रस्त्याकडे बघायला लावलं. पुढे दोन वर्षं तो माझी जीप चालवत होता. असं पुन्हा कधी बोलला नाही.

ताईचं केंद्र उन्हाळ्याच्या आत बंद झालं. पुढच्या वर्षी त्या रस्त्याने जाताना शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या लेकरांच्या झोळ्या दिसल्या. वावरात ताईही वेचत होती म्हणे. मी जीप थांबवली नाही. संस्थेला मात्र त्या ब्याण्णव गुणांवर आणखी दोन केंद्रं मिळाली.

निवृत्त झालो. सत्कारात मला ‘कर्तव्यकठोर’ म्हटलं गेलं आणि मी ते ऐकून घेतलं.

माझी मुलगी यवतमाळला बँकेत आहे. गेल्या वर्षी तिने तिच्या दीड वर्षाच्या लेकीला तिथल्या एका नव्या पाळणाघरात घालायचं ठरवलं. पाळणाघराने सोबत द्यायच्या वस्तूंची यादी दिली होती, गुळगुळीत रंगीत कागदावर. ती मला वाचायला सांगून मुलगी पिशवी भरत होती. कपड्यांचे तीन जोड, पाण्याची बाटली, टोपी. सातव्या ओळीवर मी थांबलो. ‘आईने वापरलेली ओढणी किंवा साडीचा तुकडा. कृपया धुऊ नये. आईच्या वासाने बाळाला सुरक्षित वाटते.’

“वाचा ना बाबा, पुढं काय?”

मला पुढचं वाचता येईना. मी म्हणालो, चष्मा बदलायला झालाय.

दुसऱ्या दिवशी मी मुलीबरोबर तिथे गेलो. भिंतीला खाली, मुलांचा हात पुरेल अशा उंचीवर, रंगीत लाकडी खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीवर मुलाचं नाव आणि एक कापड. तिथल्या मॅडम सांगत होत्या, “हे आमचं वैशिष्ट्य आहे आजोबा. खूप अभ्यास करून आणलंय. पालक हेच बघून अॅडमिशन घेतात.” नात मला सोडून जाईना, रडली. एका सेविकेने तिला उचललं, आईची ओढणी तिच्या हातात दिली. मॅडम म्हणाल्या, “रडू द्या. रडणं चांगलं असतं. गप्प बसलेल्या मुलाची आम्हाला जास्त काळजी वाटते.”

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. मला लाज वाटली हे खरं, पण त्याआधी संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही. हेच कापड, हाच घामाचा वास, हीच खालची खुंटी. टिनाच्या घरात असलं की घाणेरडेपणा, आणि रंगीत कागदावर छापलं की वैशिष्ट्य. ताईने कुठे अभ्यास केला नव्हता. तिने रडणारं लेकरू पाहिलं होतं. आणि मी, पदवीधर, पगारी, जीपमधून फिरणारा, ते जाळून आलो होतो.

तरीही मी काही केलं नाही. संताप येणं सोपं असतं. मी घरी येऊन दोन दिवस नीट जेवलो नाही, मग जेवायला लागलो.

या पावसाळ्यात स्कूटरचं काम निघालं म्हणून जुन्या ड्रायव्हरच्या गॅरेजवर गेलो. आता ते त्याचा मुलगा चालवतो. म्हातारा खुर्ची टाकून बसलेला असतो. मला पाहून म्हणाला, “साहेब, तुमचा कागद अजून जिता हाय.”

त्याची बहीण ताईच्या गावात दिलेली. तिच्याकडून त्याला कळलं होतं की गावाला पुन्हा पाळणाघर मंजूर झालंय आणि ताईच्या बचत गटाने ते चालवायला मागितलंय. त्याच संस्थेनेही मागितलंय. संस्थेने गटाच्या अर्जावर हरकत घेतली होती आणि हरकतीला दोन कागद जोडले होते. एक ताईच्या केंद्रावरचा माझा अहवाल, दुसरा त्यांच्या स्वतःच्या केंद्राचे ब्याण्णव गुण. दोन्ही एकाच दिवसाचे, दोन्हींवर माझी सही.

“सुनावणी कधी आहे?”

“येत्या सोमवारी म्हनते. अपात्र लिवलं असन तं गट गेला समजा.”

मी त्याच दिवशी गावात गेलो. ताई अंगणात तुरीच्या डाळीला तेल लावत होती. केस पांढरे झालेत, पण मी तिला ओळखलं आणि तिने मला. उठली नाही.

“या साहेब. काडेपेटी आनली का?”

मी उभाच राहिलो. जवळ बसलेल्या दोन बाया माझ्याकडे बघत होत्या. मी जे ठरवून गेलो होतो, मला माफ कर वगैरे, ते बोलायला लागलो. तिने दोन वाक्यं ऐकली आणि तेलाचा हात वर केला.

“ते राहू द्या. माफीचं म्या काय करू, वाटून खाऊ का? तुमी कागदावर लिवलं ना? मंग कागदावरच लिवा. तिथंच जा, जिथं लिवलं.”

“लिहितो.”

“लिवतो म्हनू नोका. लिवा.” मग म्हणाली, “बाया अजून वावरातच जातात. लेकरं अजून झोळीतच हायेत. आमाले नाही देलं तं ते संस्थावाले येतीन. तुमाले तं माहीत हाय, तिथं लेकरायचं तोंड कसं बंद राह्यते.”

मी त्या मुलीबद्दल विचारलं. हिरव्या पदराची.

“फुलसावंगीले देली. आता पोटाशी हाय ते.” आणि डाळीकडे बघत म्हणाली, “झोपतानी हातात काही लागतेच तिले अजून. कोनतं बी फडकं.”

घरी येऊन मी त्याच रात्री जबाब लिहायला बसलो.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. मी ज्या टेबलावर बसायचो तिथे आता एक तरुण बाबू बसतो. मी हाताने लिहिलेला तीन पानांचा जबाब पुढे केला. त्याने तो वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

“साहेब, जुनं कायले उकरता? तुम्ही नियमानंच केलं होतं.”

“म्हणूनच उकरतोय.”

“रिटायर माणसाला जुन्या अहवालात बदल करता येत नाही. आणि आता ती पद्धतच राह्यली नाही. आता समदं मोबाइलवर हाय, बघा ना.” त्याने फोन दाखवला. भिंतीचा फोटो, नोंदवहीचा फोटो, संडासाचा फोटो, जागेचं लोकेशन.

“आणि मुलं?”

“हाय ना. ग्रुप फोटो. ओळीत बसवून काढाचा.”

अठरा वर्षं झाली. शाईचा फॉर्म जाऊन फोन आला आणि मुलं अजून ओळीतच बसलीत. तपासणारा त्यांच्याकडे आता पाठ करत नाही एवढंच, फोन आडवा धरतो. मी त्याच्यावर ओरडलो. त्याचा काय दोष, पण ओरडलो. म्हणालो, “एखाद्या मुलाला त्या ओळीतून उठून पळू दे, मग कुणाकडे पळतं तेवढं बघ, आणि ते लिही.” तो म्हणाला, त्याला रकाना नाही. मी आवक क्रमांक मिळेपर्यंत उठणार नाही म्हणून बाकावर बसलो. कार्यालय बंद व्हायच्या जरा आधी त्याने शिक्का मारून दिला.

सोमवारी सुनावणी झाली. अधिकारी मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. संस्थेचे अध्यक्ष आता थकलेत, पण मला पाहून उठले, हात जोडले, म्हणाले, “साहेब, तुम्ही तर आमचे.” ताई आणि तिच्या गटाच्या चार बाया मागे उभ्या होत्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं.

मॅडमनी माझा जबाब वाचला. “म्हणजे तुम्ही खोटा अहवाल दिला होता, असं म्हणायचंय का?”

मी म्हणालो, “नाही. कापडं मळलेली होती, हे खरं. खिळे होते, खरं. हजेरी कोरी होती, तेही खरं. तिथली मुलं घाबरली की पळून कुणाकडे तरी जात होती, आणि सकाळच्या केंद्रातली मुलं कुणाकडेच जात नव्हती, हेही मी पाहिलं होतं. ते लिहिलं नाही. आणि एका आई नसलेल्या मुलीसाठी राखलेलं तिच्या आईचं कापड मी ओढून जाळलं. ते मी ‘चिंध्या’ म्हणून लिहिलं.”

अध्यक्ष म्हणाले, “साहेबांचं वय झालंय.”

मागून ताईचा आवाज आला, “तवा कमी होतं का?”

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. मग त्यांनी मला विचारलं, “त्या दुसऱ्या अहवालातल्या ब्याण्णव गुणांचं काय?” मी म्हणालो, तेही माझ्या जबाबात आहे, तिसऱ्या पानावर. त्यांनी तिसरं पान उलटलं आणि बराच वेळ वाचत राहिल्या.

निकाल चार दिवसांनी आला. माझ्या जबाबामुळे हरकत ग्राह्य धरता येत नाही, गटाला एक वर्ष केंद्र चालवायला द्यावं, वर्षाने पुन्हा मूल्यमापन. ब्याण्णव गुणांबद्दल निकालात एक ओळही नाही. संस्थेची बाकीची केंद्रं चालूच आहेत, तिथे आजही मुलं तोंडावर बोट ठेवून बसत असतील. मी त्यासाठी वेगळा अर्ज केला. बाबू म्हणाला, “आता तरी बस करा साहेब.” मी बस करणार नाही. तो अर्ज त्याने घेतला नाही, तेव्हा मी टपालाने पाठवला.

केंद्र उघडायच्या आदल्या दिवशी ताईने निरोप धाडला, या म्हणून. मला वाटलं, पाहुणा म्हणून बोलवलं. गेलो तर तिने माझ्या हातात हातोडी आणि खिळ्यांची पुडी दिली.

“तेरा हायेत. ओळीनं मारा.”

मी भिंतीजवळ उभा राहिलो आणि पहिला खिळा सवयीने छातीच्या उंचीवर धरला.

“तिथं कोनाचा हात पुरन, तुमचा? खाली मारा. आनखी खाली. लेकराले मागाव नाही लागलं पाह्यजे.”

गुडघे धरून मी खाली बसलो. पहिला घाव बोटावर बसला. बाया हसल्या, आणि या वेळी कोणी तोंडावर पदर धरला नाही. भिंतीचा पोपडा निघून माझ्या मांडीवर पडला. याच उंचीवर, अशाच ओळीत ठोकलेल्या खिळ्यांना मी ‘नासधूस’ लिहिलं होतं. तेरावा खिळा ठोकून होईपर्यंत मी उठलो नाही.